मोटारीच्या वहीतली रिद्धपूरची फेरी

ती चौकशी मी आजवर कोणाला सांगितली नाही. नोकरीत पाहिलेले दरोडे आणि खून मी चारचौघांत बसून पुष्कळदा सांगितले आहेत. त्यात माझी बाजू चांगली दिसते. या प्रकरणात ना चोर होता, ना मुद्देमाल. तरी वैशाखातले ऊन डोक्यावर आले की तीच आठवते. आता पेन्शन घेऊन घरी बसलो आहे, वरिष्ठांची भीती राहिलेली नाही, म्हणून लिहितो. नावे कोणाचीच देत नाही. माझेही देत नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. मी अमरावती शहरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. तिशी ओलांडलेली नव्हती आणि आपल्याइतका हुशार अधिकारी जिल्ह्यात नाही असा माझा पक्का समज होता. एप्रिलच्या अखेरीस माझे वरिष्ठ, सर्कल इन्स्पेक्टर साहेब, यांनी बोलावून एक लिफाफा दिला. इन्कमटॅक्सच्या साहेबांकडून तो आला होता. हे साहेब अकोल्याला बसत आणि महिन्यातून एकदा अमरावतीच्या डाकबंगल्यावर मुक्कामाला येत. परमुलखातले गृहस्थ, सरळ मनाचे, मराठी जेमतेम समजणारे.

प्रकरण एका संत्र्याच्या व्यापाऱ्याचे होते. गावात त्यांना सगळे काकाजी म्हणत, मीही तेच म्हणतो. उभ्या बागा विकत घेण्याचा त्यांचा धंदा. जमीन आणि झाडे शेतकऱ्याची, फळ यांचे. फळ सुपारीएवढे झाले की बागेत जायचे, ओळी-ओळीने फिरायचे, झाडावर माल किती उतरेल ते नजरेने जोखायचे आणि इसार देऊन मोकळे व्हायचे. धंदा एकट्याचा होता. ना भागीदार, ना कोणाची चाकरी. बागा दूर दूर, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी एक जुनी मोटार घेतली होती. कापडी टपाची, बाजूला बटणांनी लावायचे पडदे असलेली. तिचे पेट्रोल, टायर, ड्रायव्हरचा पगार आणि गाडीची झीज असे सगळे ते धंद्याच्या खर्चात दाखवत.

यात गैर काही नव्हते. कायदा तेव्हाही साधाच होता. मोटार धंद्यासाठी जेवढी पळाली तेवढा खर्च धंद्याचा, आणि घरच्या कामाला गेली तो ज्याचा त्याने सोसायचा. साहेबांनी मोटारीची वही मागितली, काकाजींनी दिली. एकही फेरी खासगी नाही असे सही करून लिहूनही दिले. आणि मग साहेबांच्या टेबलावर निनावी अर्ज येऊन पडला. ‘मोटार धंद्याची नाही. रिद्धपुराकडे बाई ठेवली आहे. दर महिन्याला तिकडे जातात. सरकारने डोळे उघडावे.’

लिहून दिलेले खोटे ठरले तर खटला होऊ शकत होता. म्हणून गुप्त चौकशी माझ्याकडे आली.

ठाण्यात आमचे हेड मुहर्रिर, म्हणजे दप्तर सांभाळणारे मुख्य कारकून, होते. रोजनामचा लिहिता लिहिता त्यांचे केस पिकले होते. त्यांनी तो अर्ज उलटासुलटा करून पाहिला.

“साहेब, सरकारनं डोळे उघडावे असं जो लिवते ना, त्याचे सोताचे डोळे लय दिवसापासून उघडे असतात. हा अर्ज शेजाऱ्याचा हाये. नाई तं सोयऱ्याचा. दुसऱ्याले काय पडलं हाये, कोन कुठी जाते?”

“कोणाचा का असेना. खरा आहे का ते पाहायचं.”

“तेच तं. निनावी अर्ज खोटा निघाला तं बरं. खरा निघाला का समजा कोनाचं तरी घर बसलं.”

मी हसलो. वही घेऊन बसलो.

तारीख, गाव, काम अशा तीन रकान्यांची साधी वही होती. अक्षर काकाजींचे स्वतःचे, गोल आणि स्वच्छ. नांदगाव पेठ, भातकुली, मोर्शी, वरूड. आणि दर महिन्याला एकदा रिद्धपूर. काम: बाग पाहणी. रिद्धपूर मोर्शी तालुक्यातच, आजूबाजूला संत्र्याच्या बागा भरपूर. अकोल्याच्या साहेबांना त्यात संशय घेण्यासारखे काही दिसले नव्हते. माझीही पाने उलटून झाली होती. वही मिटता मिटता गेल्या वर्षीच्या मे महिन्यावर नजर गेली. ‘रिद्धपूर. बाग पाहणी.’ मे, म्हणजे वैशाख.

मी माळ्याचा मुलगा. लहानपणी बापाच्या बागेत झोपलो, जेवलो, मार खाल्ला. त्या भागातल्या बागा मृग बहाराच्या. वैशाखात त्यांचे पाणी तोडतात, त्याला ताण देणे म्हणतात. झाड मुद्दाम तहानेले ठेवायचे. पाने सुकतात, गळतात, मुळे उघडी पडतात. पाऊस पडला की मग तेच झाड फुलांनी भरून जाते. ताणावर असलेल्या बागेत व्यापाऱ्याने पाहायचे काय? झाडावर पान नाही, तिथे फळ कुठले? माझा बाप तर त्या दिवसांत बागेत कोणाला पाय टाकू देत नसे. म्हणायचा, “झाड उपाशी हाये, त्याच्याकडं पाहू नोका.” ते वाक्य मला बाप गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, असे ठाण्यात बसून आठवले. आणि मी त्याचा उपयोग एका माणसाला पकडण्यासाठी केला.

दुसऱ्या दिवशी काकाजींच्या ड्रायव्हरला बोलावले. पन्नाशीचा मुसलमान माणूस, मेंदी लावलेली दाढी, कपडे धुतलेले. लोक त्याला चाचा म्हणत. नाव, बापाचे नाव, वस्ती लिहून घेतली आणि त्याला बाकावर बसवले.

“चाचा, रिद्धपुरात कोणाची बाग पाहायला जाता?”

“बहुत बागा हाये साहेब उधर. एक का नाम क्या लेना.”

“वैशाखातसुद्धा?”

“बैसाखात बी.”

“ताणावरच्या बागा पाहता?”

तो दाढीतल्या दाढीत हसला.

“साहेब, तुमी माळी हाये का?”

“हो.”

“मंग गेली माही नवकरी.”

यानंतर मात्र त्याने तोंड मिटले. दोन तास मी उलटसुलट विचारले. लायसन काढून घेईन म्हटले, आत टाकीन म्हटले. तो छताकडे पाहत बसला. पोलिसात काही वर्षे काढली की एक गोष्ट कळते. भित्र्या माणसाला भीती दाखवावी, लोभी माणसाला लोभ. पण इमानी माणूस यातल्या कशानेच हलत नाही. त्याच्यासमोर त्याच्या मालकाची बेअब्रू करावी लागते. हे मला कोणी शिकवले नव्हते. त्या दुपारी सुचले, आणि सुचले याचा मला आनंद झाला.

“राहू द्या चाचा,” मी म्हणालो. “सांगू नका. सगळ्या गावाला ठाऊक आहे. बाई आहे तिकडे. म्हातारपणी माणसाच्या हातात पैसा आला की असंच होतं. बिचारी काकू घरात—”

तो उठून उभा राहिला.

“साहब, जबान सँभालो. मले मारा, पन त्या मानसाबद्दल असं बोलू नका. बाई नोय ते. लेक हाये. सगी लेक हाये त्याइची. माह्या खांद्यावर बसून दर्ग्याची जत्रा पाह्यलेली लेक हाये.”

आणि मग त्याच्या लक्षात आले की आपण काय बोलून बसलो. मटकन खाली बसला.

“साहेब, हे लिवू नका.”

“नाही लिहीत.”

“असं नाई. कसम खाव. त्या पट्ट्यावर हात ठिवा.”

मी कमरेच्या पट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही.” त्या वेळी मी खोटे बोलत नव्हतो. आपण दिलेला शब्द मोडतो तेव्हा तो देतानाही आपण बहुधा खरेच बोलत असतो. म्हणून तर समोरचा फसतो.

हकिगत अशी होती. काकाजींना एकच मुलगी. लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत तिचा नवरा गेला. काकाजींनी तिला घरी आणले. चार वर्षे ती माजघरात वावरली आणि एक दिवस बापाला म्हणाली, मला महानुभावांची दीक्षा घ्यायची आहे. घरात रडारड झाली. आई फार हट्टी बाई. तिने उंबऱ्यात उभे राहून शपथ घातली, “ह्या घरातल्या ज्यानं हिचं तोंड पाह्यलं, त्यानं माह्यं मेलेलं तोंड पाह्यलं.” मुलगी गेली. तिने संन्यास घेतला. त्या पंथात घर, गाव, नाते सगळे मागे सोडायचे असा नेम आहे. तिने तो मनापासून पाळला. काही वर्षे ती कुठे कुठे फिरत होती. मग एका वृद्ध संन्यासिनीच्या सेवेसाठी रिद्धपुरात, त्या पंथाच्या तीर्थस्थानी, येऊन राहिली, हे काकाजींच्या कानावर आले.

“महिन्यातून एक डाव जातो,” चाचा म्हणाला. “निंबाच्या झाडाखाली मोटार लावतो. मालक पडदे लावून आत बसते. दुपारी ते लोक भिक्षेले निघतात ना, तवा ते पोरगी समोरून जाते. मालक पाह्यते. बस. मंग म्हंते, चला चाचा.”

“बोलत नाहीत?”

“कभी नहीं. तिले मालूमच नाई.”

जबानी खरी की खोटी हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठरवू नये, असा आमचा शिरस्ता. तो पाळल्याचे दुःख मला आजही आहे. पुढच्या फेरीचा दिवस चाचाकडून काढून घेतला. त्या दिवशी धोतर-टोपी घालून नांदगाव पेठेपर्यंत सायकलने गेलो आणि तिथून प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीने रिद्धपूर गाठले. निंबाच्या झाडापासून थोड्या अंतरावर भज्यांचे दुकान होते, त्याच्या ओट्यावर बसलो. ऊन असे की दुकानदार स्वतःच्या कढईकडे पाहायलाही तयार नव्हता.

मोटार आली. झाडाखाली उभी राहिली, पण सावली टपापुरतीच. पुढचे तोंड उन्हात. चाचा बादली घेऊन विहिरीकडे गेला. मागचा पडदा चार बोटे सरकला आणि तसाच राहिला.

भर दुपारी गल्लीतून चारपाच संन्यासिनी आल्या. काळी वस्त्रे, खांद्याला झोळ्या, पाय अनवाणी. शेवटची तरुण होती. बापासारखेच रुंद कपाळ, ओळखायला वेळ लागला नाही. पुढची म्हातारी काहीतरी बोलली त्यावर ती हसली. हसतच मोटारीपर्यंत आली. बाकीच्या पुढे गेल्या आणि एका दारासमोर उभ्या राहिल्या.

त्यानंतर मोटारीजवळ जे झाले ते फक्त मी पाहिले. मी बसलो होतो तिथून दिसत होते. पडद्याआडून दिसत नव्हते, आणि चाचा विहिरीवर होता. ते मी अहवालात लिहिले नाही. शेवटी लिहितो, कारण ते लिहायलाच हा सारा खटाटोप आहे.

दोन दिवसांनी काकाजींना भेटायला त्यांच्या वखारीत गेलो. हंगाम संपला होता. रिकाम्या टोपल्या एकावर एक रचलेल्या, सगळीकडे वाळल्या गवताचा आणि संत्र्याच्या सालीचा वास. त्यांनी मला पाहिले आणि न विचारता ओळखले.

“बसा साहेब. चाचा रडत आला होता माह्याजवळ. त्याले काई करू नका.”

मी विचारले, “काकाजी, तुम्ही व्यापारी माणूस. वहीत दुसरं गाव लिहायचं. मोर्शी लिहिलं असतं तर कोणाला कळलं नसतं.”

त्यांनी एक टोपली सरळ केली. मग म्हणाले, “लिवाले बसलो होतो एक डाव. हात चालला नाई. घरात तिचं नाव घेता येत नाई. त्या गावाचं बी नाव काढता येत नाई, बायको उठून जाते. मंग मी वहीत लिवतो. महिन्यातून एक डाव लिवाले भेटते.”

“आणि मोटार?”

“मोटार बागांसाठीच घेतली, देवाशप्पथ. पडदे तेवढे तिच्यासाठी लावले.”

आमच्या कायद्यात मोटारीचा खर्च वाटून घेण्याची सोय होती. पडद्यांची नव्हती.

“साहेब, तुमी लिवा,” ते पुढे म्हणाले. “लिवा का यानं मोटार खासगी कामाले नेली. टॅक्स भरतो, दंड भरतो, जेलात घाला. कोन्ले पाहाले गेलो तेवढं लिवू नका. ते पोरगी तिथं सुखात हाये. माह्या पायी तिच्या नावाचा गलका झाला तं ते तिथं राहनार नाई. मंग मी कुठी जाऊ पाहाले?”

मी म्हणालो, “बघतो.”

त्यांनी हात जोडले. त्यांच्या लेखी तो होकार होता.

आता कबुलीच द्यायची तर ती पुरी द्यावी. त्या अहवालाला दोन शब्द पुरेसे होते: ‘फेऱ्या खासगी.’ कायद्याला याहून जास्त काही नको होते. मी दीड पान लिहिले. ताणाची गोष्ट लिहिली, म्हणजे वैशाखाच्या नोंदीवरून मी कसे ओळखले ते साहेबांना कळावे. मुलगी, दीक्षा, आईची शपथ, निंबाचे झाड, चार बोटे सरकलेला पडदा, सगळे लिहिले. सर्कल साहेबांनी “काय मग, सापडली का बाई?” असे हसत विचारले होते, त्यामुळे एका सज्जन माणसावरचा डाग पुसावा म्हणून मी हे लिहिले, अशी समजूत मी कितीतरी वर्षे घालून घेतली. त्यात खरे आहे, पण थोडे. खरे कारण असे की गोष्ट चांगली होती. ती कोणीतरी वाचावी आणि फौजदाराचे डोके कसे चालते ते पाहावे, असे मला वाटले.

हेड मुहर्रिरांनी ती नक्कल करायला घेतली आणि अर्ध्यावर टाक खाली ठेवला.

“साहेब, हे सारं पाठवाचंच का?”

“का?”

“काई नाई. शाई लय लागली.”

पुढच्या मुक्कामाला डाकबंगल्यावर सुनावणी झाली. साहेबांना मराठी वाचता येत नव्हते. त्यांचा कारकून अहवाल मोठ्याने वाची आणि अर्थ सांगे. दारे उकाड्याने उघडी. व्हरांड्यात आपापल्या पाळीची वाट पाहत आठदहा व्यापारी बसलेले. काकाजी आत खाली मान घालून उभे. वाचन मुलीच्या भिक्षेच्या झोळीपर्यंत आले तोवर बाहेरचे बोलणे थांबले होते. साहेबांनी रिद्धपूरच्या फेऱ्यांचा खर्च काढून टाकला, किरकोळ दंड केला आणि खटला भरायचे कारण नाही असा शेरा मारला. काकाजी बाहेर आले तेव्हा व्हरांड्यातल्या सगळ्यांनी उठून त्यांना वाट दिली. कोणी हसले नाही. ती माणुसकी होती, पण तिच्याने गोष्ट घरी पोहोचायची थांबली नाही. ती काकाजींच्या आधी घरी पोहोचली आणि चार दिवसांत रिद्धपुरालाही गेली.

आठवड्याच्या आत ती संन्यासिनी तिथून निघून गेली. तिला कोणी जा म्हटले नव्हते, हे मी मागाहून चौकशी करून नक्की केले. आपल्यामुळे नात्याचा बोभाटा झाला म्हणून तिनेच गुरूंकडे परवानगी मागितली आणि दूर जाणाऱ्या एका मेळ्याबरोबर ती चालत गेली. कोणी म्हणे नाशिककडे, कोणी म्हणे पंजाबात त्यांचे मठ आहेत तिकडे. चालणाऱ्या माणसाचा पत्ता नसतो.

मला हे चाचाने सांगितले. ठाण्याच्या दारात उभा राहून सांगितले, आत आला नाही. मी काहीतरी बोलायचे म्हणून “बसा चाचा” म्हणालो. त्याने माझ्या कमरेकडे पाहिले.

“साहब, पट्टा बहुत अच्छा है आपका,” तो म्हणाला. “चमडा असली दिसते.”

आणि गेला. नोकरीत मला शिव्या पुष्कळांनी दिल्या. त्यातली एकही मला आता आठवत नाही.

सर्कल साहेबांनी माझ्या सर्व्हिस शीटवर चांगला शेरा लिहिला.

पंधरा दिवसांनी, एका दुपारी, माझ्या क्वार्टरवर एक बाई आली. पन्नाशीच्या आतबाहेर, नऊवारी, डोक्यावरून पदर. माझ्या बायकोने पाणी दिले. तिने घेतले नाही. मला म्हणाली, “मी त्या मोटारवाल्याची बायको.”

मला वाटले, शिव्याशाप द्यायला आली. मी उभाच राहिलो.

“भाऊ, तुमी पाह्यलं म्हंते तिले.”

“हो.”

“कशी दिसते?”

पोलिसाला माणसाचे वर्णन करता येते. उंची, बांधा, रंग, ओळखीच्या खुणा. तसेच सांगितले. अंगाने बारीक. उन्हाने रापलेली. केस कापलेले, डोक्यावर काळे वस्त्र.

“हसते का?”

“हसली. एक म्हातारी काही बोलली त्यावर हसली.”

“आवाज आयकू आला?”

“नाही. मी लांब होतो.”

“डावा पाय ओढते का आजून? लहानपनी झाडावरून पडली होती ते. ओलं दुपट्टं बांधून ठिवत होती मी रात्रभर.”

मला आठवेना. ओळखीच्या खुणा पाहणे हाच माझा धंदा, आणि तेवढीच एक मी पाहिली नव्हती. मी खोटे बोललो.

“थोडासा. फार नाही.”

तिने मान हलवली. तिचे समाधान झाल्यासारखे दिसले आणि मला मान वर करवेना.

“शपथ मी घातली होती,” ती म्हणाली. “मोडाची होती तं मले विचारलं असतं. मी म्हटलं असतं, मोडा. हा मानूस तीन वर्षं एकटा जाऊन आला. मोटारीत दोन मानसाची जागा नोयती का? मले काहून नाई नेलं?”

माझ्या बायकोने तिला दारापर्यंत पोहोचवले. त्या घरात काकाजींपेक्षा जास्त काळ ताणावर कोण होते, ते मला तेव्हा कळले.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. दोनेक वर्षांनी दुसऱ्या कामासाठी इन्कमटॅक्सच्या कचेरीत जाणे झाले. अहवाल वाचणारा तोच कारकून तिथे होता. त्याने मला ओळखले आणि कपाटातून एक वही काढून समोर ठेवली.

“फौजदारसाहेब, तुमच्या रिद्धपूरवाल्याची. असा करदाता मी पाहिला नाही.”

तेच गोल अक्षर. भातकुली, बाग पाहणी. नांदगाव पेठ, बाग पाहणी. आणि दर महिन्याला एकदा, काही खाडाखोड न करता: ‘रिद्धपूर. खासगी. सोबत घरचे माणूस. काम झाले नाही.’ मी पाने उलटत गेलो. श्रावणात, पौषात, वैशाखात. ‘काम झाले नाही.’ ‘काम झाले नाही.’ दोघे पडदे लावून त्या निंबाखाली बसत असतील आणि समोरून जाणाऱ्या झोळ्या मोजत असतील.

“हा खर्च ते मागत नाहीत,” कारकून म्हणाला. “नुसते लिहितात. लिहायची गरज नाही असं साहेबांनी कळवलं होतं. तरी लिहितात.”

मी वही मिटून परत दिली. तेव्हा अमरावतीची गाडी पकडून त्यांच्या वखारीत जायला हवे होते आणि एक गोष्ट सांगायला हवी होती. गेलो नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हटले. मग काकाजी गेल्याचे कळले, आणि पाठोपाठ काकूही.

ती गोष्ट अशी. त्या दुपारी बाकीच्या पुढे गेल्यावर ती मुलगी मोटारीच्या तोंडाशी थांबली. काटा काढायचा म्हणून एक पाय उचलला आणि आधारासाठी मडगार्डवर हात टेकला. रस्ता झाडलेला, लख्ख होता; काटा कुठला? ती पायाकडे पाहतही नव्हती. पडद्याकडेही पाहत नव्हती. समोर पाहत होती आणि तळहात पत्र्यावर सपाट ठेवून उभी होती. पुढून म्हातारीने हाक मारली तेव्हाच तिने हात उचलला. म्हणजे तिला ठाऊक होते. आत कोण बसले आहे, कधीपासून येते, सगळे ठाऊक होते. महिन्यातून एकदा ती असेच कुठल्या तरी निमित्ताने थांबत असेल. दोघांनीही आपापला नेम पाळून भेटण्याची एवढी एक जागा ठेवली होती, आणि ती मी दीड पान लिहून उघडी पाडली.

आईला हे सांगितले असते तर तिला निदान हे कळले असते की मुलीने घर पुसून टाकले नव्हते. पण ते सांगायचे म्हणजे मी काय मोडले तेही सांगावे लागले असते. तेवढी हिंमत त्या दिवशी झाली नाही. नोकरीने मला शिकवले की खरे शोधून काढावे. किती खरे लिहावे, हे या एका प्रकरणाने शिकवले, आणि ते शिकेपर्यंत उपयोग राहिला नव्हता.

कधी वैशाखात, भर दुपारी, उन्हात उभी राहिलेली एखादी मोटार दिसली की मी जवळ जातो. कोणी पाहत नसेल तर तिच्या पत्र्यावर हात ठेवतो. पाच आकडे मोजायच्या आत हात आपोआप मागे येतो. तिने ठेवला होता तो म्हातारीची हाक येईपर्यंत.